अकरावा प्रश्न

अण्णा, आज सकाळपासून मी तीनदा हे लिहायला बसले आणि तीनदा उठले. तुमच्या धाकट्या लेकीची, माझ्या बहिणीची, नात काल आली होती. महादेवपुऱ्यातल्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून ती दोन वर्षं कुठल्याशा खेड्यातल्या शाळेत शिकवायला जाणार आहे. एक संस्था अशी मुलं निवडून पाठवते म्हणे. मी विचारलं, खोली कोण बघून देणार, पहिला पगार केव्हा, आजारी पडलीस तर काय. ती हसली. "अय्यो आजी, पहिल्याच दिवशी असलं विचारलं तर त्यांना काय वाटेल?" मी तिला नको इतकं बोलले. कॉफी अर्धी टाकून ती निघून गेली. पेला विसळताना माझ्या लक्षात आलं की ते वाक्य माझं होतं, आणि मी ते तुम्हाला मल्लेश्वरमच्या याच स्वयंपाकघरात ऐकवलं होतं.

मी नुकती बी.ए. झालेली. मुलींना मास्तरीण करून मलनाडातल्या डोंगराळ खेड्यांच्या शाळांत पाठवणाऱ्या एका ट्रस्टचं बोलावणं आलेलं. तुम्ही गिरणीच्या स्टोअरमधून आलात, चपला काढल्या आणि फूलस्कॅप कागद उभा दुमडलात. डावीकडे प्रश्न, उजवी बाजू कोरी. गिरणीत माल मोजून घेताना तुम्ही असाच कागद करायचात. जाण्याचं भाडं कोण देणार? खोलीला कडी आतून आहे का? पगार कोणत्या तारखेला? डिग्रीचा मूळ कागद ठेवून घेणार का, आणि परत केव्हा देणार? असे दहा. अकरावा तुम्ही थोडं थांबून लिहिलात : मधेच परत यायचं झालं तर भाडं कोण देणार? मी म्हटलं, "अण्णा, मी नोकरी मागायला चाललेय, पोती मोजून घ्यायला नाही. त्यांना काय वाटेल?" तुम्ही म्हणालात, "जे वाटायचं ते वाटू दे, अक्का. तुझ्याबरोबर किती पैसे द्यायचे ते मला या उत्तरांवरून ठरवायचंय."

ट्रस्टच्या ऑफिसात टेबलामागे दोन पुरुष आणि पांढऱ्या साडीतल्या एक बाई. माझ्या आधीच्या मुलीनं पगाराची तारीख विचारली, तेव्हा बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे नुसतं पाहिलं. माझी पाळी आली. "तुला काही विचारायचंय?" मी म्हटलं, "नाही, मॅडम." कागद पर्समध्ये चार घड्या होऊन पडला होता. परतताना बसस्टॉपच्या कट्ट्यावर बसून मी उजवी बाजू भरून काढली. भाडं ट्रस्ट देणार. कडी आतून आहे. पगार एक तारखेला. दहा उत्तरं मनाची, पेन्सिलीनं, एका दमात. अकराव्यापुढे लिहिलं, लागणार नाही.

तुम्ही तो कागद दिव्याखाली धरलेला मला अजून दिसतो. गिरणीत खोटी मोजणी तुम्ही कशी पकडता, ते तुम्हीच मला सांगितलं होतं. खरी मोजणी एका बैठकीत होत नाही, मधे शाई बदलते, खाडाखोड होते, कुठेतरी 'नंतर पाहू' असतं. माझ्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. तुम्ही घडी घालून तो खिशात ठेवलात. "सगळं इतकं सरळ सांगितलं त्यांनी? सरी." ठीक आहे, एवढंच. मी मान वर केली नाही. पगार एक तारखेला म्हटल्यावर मला जास्त पैसे मागता येईनात. तुम्ही काढलेली जास्तीची नोट मीच परत केली.

शाळा चांगली होती, मुली हुशार होत्या. पण खोलीला आतून कडी नव्हती. रोज झोपताना मी ट्रंक ओढून दाराला लावायचे, तिचा फरशीवरचा आवाज मला आजही ऐकू येतो. एक तारीख गेली, दुसऱ्या महिन्याचीही गेली. मुख्याध्यापक म्हणाले, सरकारी ग्रँट आली की पगार, सगळ्यांचं असंच असतं, तुम्हाला तिथे सांगितलं नाही? मी विचारलंच नव्हतं. पैसे थकले तरी खानावळीची बाई रागावली नाही. फक्त ताक वाढायची थांबली. घरी पत्रात मी लिहीत होते की इथलं ताक फार छान असतं.

तिसऱ्या महिन्यात तुमची मनीऑर्डर आली. सात रुपये बारा आणे. आकडा मला विचित्र वाटला. पाठवायचेच तर दहा पाठवावेत. कुपनावर तुमचं बारीक अक्षर होतं : अकराव्या प्रश्नाचे उत्तर. जटका धरून. मी पायरीवर बसून हिशेब केला. शिमोग्यापर्यंत बस, तिथून थर्ड क्लास, आणि स्टेशनापासून आपल्या दारापर्यंत घोड्याचा जटका. पैचाही फरक नव्हता. ये म्हटलं नव्हतंत, राहा म्हटलं नव्हतंत, खोटं का बोललीस तेही विचारलं नव्हतंत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा पगार हातात आला होता आणि मानही ताठ झाली होती. तुम्ही भुईमुगाच्या शेंगा सोलत होतात. "पैसे पोचले?" मी ते सात रुपये बारा आणे तसेच तुमच्यापुढे ठेवले. "पोचले. गरज नव्हती." तुम्ही मोजले नाहीत. म्हणालात, "सरी, अक्का. बरंच झालं." आणि परत सोलायला लागलात. पुढे तुम्ही होतात तोवर बारा वर्षं गेली. आपण दोघांनी तो विषय काढला नाही. मुख्याध्यापिका झाल्यावर शिकवायला आलेल्या नव्या मुलींना मी स्वतः खोलीची कडी दाखवायचे, पण ते का, हे कुणाला सांगितलं नाही.

आता त्या पोरीला फोन करायला हवा. माफी मागायची मला सवय नाही. तिच्यासाठी कागद उभा दुमडून ठेवला आहे, दहा प्रश्न लिहून झाले आहेत, अकराव्याला हात थांबतो.

गरज होती, अण्णा. पोस्टमन आला तेव्हा ट्रंक भरून दाराशी ठेवलेली होती, आणि खानावळीच्या बाईकडे भाड्यापुरते पैसे मागायला मी चप्पल घालत होते. तुमचे पैसे हातात आल्यावर मी चप्पल काढली आणि साड्या परत दोरीवर टाकल्या.