कव्हरावरचे गुलाबी हात

रविवार, भाऊबीज होऊन आठवडा झाला

दत्त्याचा राग आला तो अजून उतरून न्हाई राह्यला. पोटचा असला म्हणून काय झालं?

माझ्या नातीनं, सीमानं काढलेलं चित्र दिवाळी अंकाच्या कव्हरावर आलं. अख्खं कव्हर! जालन्याच्या बियाण्याच्या कारखान्यात बाया पाकिटं भरून राह्यल्यात, तोंडाला पदर बांधलेला, अन् मनगटापर्यंत हात गुलाबी. औषध लावलेल्या सरकीचा रंग तो, घासला तरी जात न्हाई. मधली बाई आमची सून, कांता. मी हातावरूनच ओळखली. मला चित्रातलं कमी कळतं, पण घरातले हात ओळखू येणार न्हाईत का?

अन् दत्त्यानं, पोरीच्या बापानं, अंक गादीखाली दडवला! सीमाला बघायला मंठ्याचे पाव्हणे येणार होते ना. म्हणे, "माय, मजुराचं घर म्हणतील."

मंग हायेच मजुराचं! त्याच मजुरीवर पोरगी चित्रकला शिकली. मी अंक काढला अन् बराबर पाव्हण्यांच्या चहाजवळ ठेवला.

मुलाची आई बघून म्हणती, "अगं बाई, मेंदी किती रंगली!"

मेंदी! माझं तोंड उघडायच्या आत कांताच बोलली. पाव्हण्यांपुढं कधी हूं न करणारी बाई.

"मेंदी न्हाई, बियाण्याचा रंग हाये. अन् हात माझे हायेत."

पाव्हणे "कळवतो" म्हणून गेले. दत्त्या फुगून न जेवताच आडवा झाला. त्याच्या वाटची भाकर मी खाल्ली, वर तूप घेऊन.