बहिणीच्या अंगणातील व्हायोलेट्सबाबत

लिहून ठेवतो मी, लेलँड ऑगस्ट व्होइट, वय त्र्याऐंशी, राहणार लिंडेन फॉल्स, विस्कॉन्सिन, की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत, आणि पुढील मजकूर मी कोणाच्या दबावाने नव्हे तर वैतागून लिहीत आहे. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत बहिणीबद्दल जे लिहिले होते ते विशेषकरून रद्द समजावे.

कलम १. राहते घर मुलगा केंट यास. केंट ॲरिझोनात राहतो आणि अंगणात गवताऐवजी खडी पसरतो. "डॅड, खडीला पाणी लागत नाही, ती कापावी लागत नाही," असे मला फोनवर समजावतो. अडतीस वर्षे ज्याने शाळेच्या फुटबॉल मैदानाचे गवत राखले, त्याच्या पोटी हे निपजले. माझ्या दारात खडीचा एक ट्रक जरी उभा राहिला, तरी घर चर्चला जावे.

कलम २. बचत खात्यातील शिल्लकही त्यालाच.

कलम ३. गवत कापायचे यंत्र आणि बी पेरायची ढकलगाडी शाळेला. तणनाशकाचा पंप कोणालाही देऊ नये, फोडून टाकावा. कारण खाली दिले आहे.

कलम ४. माझी धाकटी बहीण मर्ना शेजारच्या घरात राहते. तिच्या हिरवळीत रानटी व्हायोलेट, म्हणजे बोटभर उंचीची जांभळ्या फुलांची रोपे, आपोआप उगवतात, आणि तिला ते आवडतात. माझ्या गवताला गावात मान होता, तरी दर वसंतात त्यावर जांभळे पुरळ उठायचेच. बी मर्नाकडून येते, असे मी ठरवून टाकले. "फुलं बी धरायच्या आत खुडत जा," असे तिला बजावले. ती बिचारी दर मे महिन्यात गुडघे टेकून एकूण एक फूल खुडायची, त्यांची जेली करायची आणि एक बरणी मला आणून द्यायची. व्हायोलेट वाढतच गेले.

बावीस वर्षांपूर्वी जूनमध्ये ती मुलीच्या बाळंतपणाला दुलुथला गेली असताना मी तिच्या अंगणात शिरून सगळीकडे औषध मारले. वाऱ्याने ते तिच्या टोमॅटोवर गेले. चाळीस रोपे पिळवटून मेली. व्हायोलेट पुढच्या एप्रिलमध्ये परत आले. मर्ना माझ्या दारी पुन्हा आली नाही. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलते.

गेल्या ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या शेती कार्यालयातली मुलगी माझे गवत पाहायला आली. तिने पाने बाजूला सारून मातीलगत दडलेल्या फिकट कळ्या दाखवल्या.

"खरं बी यांच्यात धरतं, आजोबा. या कधी उमलतच नाहीत. वरची जांभळी फुलं खुडून काही उपयोग नाही. बी मुंग्या वाहून नेतात. आणि सगळ्यात जुना गड्डा तुमच्याच पायऱ्यांखाली आहे."

म्हणजे बी माझ्याकडून तिच्याकडे जात होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी इतकी वर्षे मारत होतो.

कलम ५. सबब दोन घरांमधली माझ्या मालकीची वीस फुटांची पट्टी मर्नाला द्यावी, आणि मी चुकलो होतो हे वकीलबाईंनी तिला वाचून दाखवावे.

सहीच्या वेळची नोंद. दुसरा साक्षीदार, म्हणजे आमचा टपालवाला, ऐनवेळी आला नाही, म्हणून मी मर्नाला हाक मारली. ती आल्यावर वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीची सही केली तर मिळणारे जाते. हे आधी सांगायला काय झाले होते, कोण जाणे. तोवर मर्नाने कागद ओढून पाचवे कलम वाचले होते.

"हे मला कधी कळणार होतं?"

"मी गेल्यावर. मृत्युपत्र आहे ते."

"माफी मागायलासुद्धा मरायची वाट बघणार तू? समोर उभी आहे ना मी? तोंड शिवलंय का तुझं?"

वकीलबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"मर्ने," मी म्हणालो, "मी चुकलो. तुझे टोमॅटो मारले आणि वर दोष तुलाच दिला. माझ्याच्यानं बोलवत नव्हतं."

ती रडली. मग भडकली. "बावीस वर्षं, दादा! मधे एखादा गेला असता म्हणजे?" मग तिने पेन मागितले.

"अगं, सही केलीस तर पट्टी जाईल."

"जाऊ दे. पाणी सोडलं तिच्यावर. व्हायोलेटना काय कागद लागतात?"

सबब कलम ५ रद्द. संबंधित व्यक्तीस जे द्यायचे होते, ते हयातीतच देऊन झाले.

लिहून देणार : लेलँड ऑ. व्होइट
साक्षीदार १ : थेडा लुंडग्रेन, वकीलबाईंच्या कारकून
साक्षीदार २ : मर्ना व्होइट ओल्सन, बहीण
ठिकाण : लिंडेन फॉल्स, माझे स्वयंपाकघर
दिनांक : ११ मे