चष्म्याच्या घरातले तुकडे

ता. ८ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पण तसं नाही. परवा आईंनी फादरना परत पाठवलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना चर्चला जाता येत नाही, म्हणून फादर दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी कम्युनियनचा प्रसाद घेऊन येतात. त्या दिवशी माझी धांदल उडते. टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, क्रूस. कापडाला एक सुरकुती दिसली की माझं पंधरा वर्षांचं शिवणकाम पाण्यात! या वेळी मात्र आईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि मान हलवली ती हलवलीच.

ह्यांचं म्हणणं, आजारपणाने तिचा देवावरचा विश्वास उडाला. शनिवार-रविवार घरी असतात, तेवढ्यात ह्यांना सगळं कळतं! मला नाही पटत. रोझरीचे मणी दिवसभर त्यांच्या बोटांत असतात.

आता खरी गोष्ट. काल मी त्यांच्या चष्म्याचं घर साफ करायला उघडलं, तर आत रुमालाच्या घडीत दोन-तीन पांढरे तुकडे. वाळून आकसलेले, कागदासारखे. माझा पारा चढला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी प्रत्येक घासानंतर त्यांना आ करायला लावते, घास उतरला का ते बघते. त्यांना ते मुळीच आवडत नाही. मी काय तान्ही आहे का, असं डोळ्यांनीच विचारतात. मला वाटलं, मी वळले की गोळ्या थुंकून इथे लपवतात. नाही नाही ते बोलले आणि तुकडे केराच्या डब्यात टाकायला निघाले. त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि रडायला लागल्या. मामंजी गेले तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. घाबरून सगळं होतं तिथे ठेवलं.

विचारलं, तर मला कळायचं नाही म्हणाल्या. मी दुसऱ्या धर्मातली, लग्न होऊन आल्यापासून देवाच्या बाबतीत हेच ऐकतेय. तुम्ही औषधांच्या दुकानात बसता, तेव्हा ही कुठली गोळी ते तुम्हीच सांगा.

लोभ असू द्या, आणि उत्तराला उशीर नको.
तुमची,
टाचणी

ता. १५ जून

चि. सौ. टाचणीस अनेक आशीर्वाद.

ती गोळी नव्हे गं. तुझं पत्र काउंटरवरच वाचलं, आणि गिऱ्हाईक ताटकळत असताना मी खुर्चीत बसले. ते तुकडे कम्युनियनच्या भाकरीचे, त्या पातळ पांढऱ्या चकतीचे असणार. मे महिन्यात फादरनी दिली तेव्हा आईला ठसका लागला असेल. गिळता येईना, कुणाला सांगवेना, म्हणून तिने ती हळूच रुमालात काढली असेल.

आईने एवढं मनाला का लावून घेतलं ते तुला कळणार नाही, कारण आम्ही कुणी तुला कधी नीट सांगितलंच नाही. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादरनी आशीर्वाद दिला की ती भाकर भाकर राहत नाही, येशूचं शरीर होते, असं आई मानते. आठवण किंवा खूण म्हणून नव्हे, तो स्वतःच. आता विचार कर, बाईने त्याला तोंडातून बाहेर काढलं आणि महिनाभर चष्म्याच्या घरात लपवलं. आपण केवढं पाप केलं, असं वाटून तिने फादरना तोंड दाखवलं नाही. विश्वास उडाला म्हणे! आमच्या बंधुराजांची अक्कल लहानपणापासून अशीच आहे.

ते पाप नाही. पाप जाणूनबुजून करावं लागतं, ठसका लागणं पाप कसं होईल? तुकडे स्वच्छ पाण्यात घालून ठेवतात. पूर्ण विरघळले, भाकर म्हणून काही उरलं नाही, की ते पाणी कुणाचा पाय पडणार नाही अशा मातीत ओततात. पण हे तू करू नकोस. फादरना बोलाव आणि आईला त्यांच्याशी एकटीला बोलू दे. गिळता येत नसेल तर अगदी कणभर देता येते, पाण्याच्या घोटाबरोबर. हे तिला माहीत नसेल; तिने आजवर कधी सवलत मागितलीच नाही.

मी बारा वर्षांत चर्चची पायरी चढले नाही, हे तुला माहीत आहेच. तरी तू केराच्या डब्याचं लिहिलंस तिथे माझा जीव वर-खाली झाला. का, ते मला विचारू नकोस.

तुला रागावले नाही. सांभाळ तिला आणि स्वतःलाही.
तुझी,
वन्सं

ता. ५ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं. बंधुराजांचा भाग गाळला, पायरीचा नाही गाळला, माफ करा. मी त्यांचे पाय धरून चुकले म्हटलं, तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग चष्म्याचं घर माझ्या हातात दिलं आणि फादरना बोलवायला सांगितलं.

ते सोमवारी आले. आईंना पापनिवेदन करायचं होतं. घर केवढंसं, कुठे जाऊ? बाहेरच्या खोलीत मशीनवर बसले आणि सुईत दोरा न घालताच तासभर मशीन चालवलं, म्हणजे आतला एक शब्द कानावर येऊ नये. फादर हसत बाहेर आले. त्यांनी तुकडे पाण्याच्या ग्लासात सोडले आणि मला त्यावर कापड झाकायला दिलं. मला! गुरुवारी त्यांनी ते पाणी खिडकीतल्या गुलाबाच्या कुंडीत ओतलं. तेव्हापासून त्या कुंडीत चहाचा चोथा टाकायला मला बंदी आहे.

काल पहिला शुक्रवार. कापडाला मी दोनदा इस्त्री केली. फादरनी चमचा मागितला तेव्हा मी चांदीचा काढला, पण आईंनी मानेनेच नको म्हणून सूप भरवायच्या रोजच्या चमच्याकडे बोट केलं. फादरनी त्यात पाणी घेऊन तांदळाच्या कणीएवढा तुकडा घातला. मी नेहमीसारखी दाराबाहेर उभी राहायला निघाले, तर आईंनी पलंगाच्या कडेवर हात आपटला. तिथे बसले. त्यांनी डोळे मिटले. गळा एकदा हलला, दुसऱ्यांदा हलला. ठसका लागला नाही.

मी काही बोलले नव्हते, वन्सं. देवाशपथ नव्हते. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे वळल्या आणि आपणहून आ करून दाखवला.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी या. आईंनी सांगितलंय, चर्चची पायरी न चढता आलात तरी चालेल. लोभ आहे तसाच ठेवा.
तुमची,
टाचणी