थोरलीची वायर

प्रिय तोगझान,

तर परवा फोनवर तू विचारलंस, मग शेवटी कुठले स्विच घेताय, आणि मी म्हटलं रेंज नाहीये, नंतर सांगतो. रेंज फुल होती. मी डेटा सेंटरच्या मागच्या दारात ऊन खात उभा होतो आणि उत्तरही तयार होतं. पण ते दिलं असतं तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास, आणि तो मी दोन वर्षं टाळतोय. म्हणून आज कागद घेतलाय. हाताने लिहायची सवय गेलीये माझी, अक्षर सांभाळून घे.

आधी सोपं सांगतो, कारण ते सांगायला मला आवडतं. आमच्याकडे चाळीस रॅक आहेत, म्हणजे फार मोठं नाही, अगदी छोटंही नाही. त्यातल्या कुठल्याही मशीनला बाहेरच्या जगाशी बोलायचं असेल तर एकाच चौकातून जावं लागतं. तो चौक म्हणजे कोअर स्विच. चौक बंद तर गाव बंद. आता पर्याय दोन. एक म्हणजे भलीमोठी एकच पेटी, आत दोन मेंदू. एक गेला की दुसरा चालवतो. किंवा दोन वेगळ्या पेट्या, दोघी कायम कामावर, भार निम्मा निम्मा, पण वेळ आली तर कुठलीही एकटीने सगळं उचलेल अशी दमदार. आमच्या खरेदीवाल्या वितालियला मोठी पेटी हवीये. एकच कंपनी, भांडायला एकच माणूस. मला दोन हव्यात. वितालियच्या पेटीचे पंखे उलट्या बाजूने हवा ओढतात, म्हणजे आमच्या रॅकमागची गरम हवाच ती पोटात घेणार. हे कागदावर कोणी बघतच नाही. मी बघितलं आणि दिवसभर शीळ घालत फिरलो. तू दातांची डॉक्टर, तुला कळेल, एखादी कीड फक्त आपल्यालाच दिसली की कसं वाटतं.

निवड शोल्पान-अपांनी माझ्यावर सोपवलीये. आमच्या सगळ्यात वरच्या त्या, आणि त्या कुणावर काही सोपवत नाहीत. शुक्रवारी कमिटीपुढे फॉर्म जाणार, खाली माझी एकट्याची सही. पंधरा दिवस झाले, फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे आणि हात उठत नाहीये.

सध्या चालू असलेल्या जुन्या स्विचच्या जोडीची नावं तुझ्या बाबांनी ठेवली होती, तुला माहीत आहे का? थोरली आणि धाकटी. म्हणजे जावा. आम्ही त्यांना आगाय म्हणायचो, म्हणजे गुरुजी. ते म्हणायचे, घर थोरली चालवते, धाकटी मागे उभी राहून बघते, आणि थोरली आजारी पडली की धाकटीने त्याच क्षणी पदर खोचायचा. मी नवा होतो तेव्हा मला वाटलं हे खऱ्याखुऱ्या बायकांबद्दल बोलतायत, आणि मी विचारलं की अबोला आहे का दोघींमध्ये. आगाय इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नंतर वर्षभर कोणी पाहुणा आला की मला पुढे करायचे, हा बघा, हा विचारत होता अबोला आहे का. सान्झार बाळा, सांग यांना.

अजून सगळीकडे तेच आहेत. प्रत्येक केबलला त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. सात नंबरचा सात ते मधे आडवी रेघ मारून काढायचे. मी रॅकचं दार उघडलं की तीनशे चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्याने हलतात. आणि रोज सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी आम्हा सगळ्यांना त्यांचा मेल येतो. हे तुला कोणी सांगितलं नसणार. त्यांनी कधीतरी एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता, तो दोन्ही पेट्यांना हाक मारतो आणि उत्तर आलं की लिहितो, "थोरली ठीक. धाकटी ठीक. चहा टाका." पाठवणाऱ्याचं नाव, बेकमुरात. त्यांना जाऊन वर्ष उलटलं, तुमच्याकडे वर्षाचं जेवणही झालं, तरी आठ पाचला मेल येतोच. पहिल्या आठवड्यात वितालिय म्हणाला, बंद करा रे हे, मला जेवण जात नाही. कोणीच बंद केला नाही. आता तोच सगळ्यांच्या आधी चहा टाकतो.

नव्या पेट्या दोन आठवडे ट्रायलला आल्या होत्या. मी दुसरं काहीच केलं नाही, नुसती एकीची वायर ओढत बसलो. ओढायची, दुसरी किती वेळात सावरते ते मोजायचं, परत लावायची, परत ओढायची. दोनशे अकरा वेळा. दर वेळी डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरी सगळं घेऊन पुढे. वितालिय दारातून ओरडला, "अरे ए, वायर तुटेल आधी, तुझं समाधान नाही व्हायचं." शोल्पान-अपा येऊन माझ्या हाताकडे बघून गेल्या. माझी दोन बोटं सोलली होती.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे, मागच्या मोठ्या बिघाडाचं कारण. नवी खरेदी कशाला, हे पटवायला तो लागतो. वितालियने मदत म्हणून जुन्या रिपोर्टमधून भरून दिला. त्यात लिहिलंय, वरिष्ठ इंजिनियर बेकमुरात यांनी ऑक्टोबरची चाचणी प्रत्यक्षात केली नाही. आणि त्याच्या बरोबर खाली माझ्या सहीची जागा.

त्या जानेवारीचं तुला ठाऊक आहे तेवढं ठाऊक आहे. उणे चौतीस. सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी थोरली जळाली, आणि शहराच्या ॲम्ब्युलन्सचे फोन आमच्याकडून जायचे ते बंद पडले. उन्हाळ्यात त्यांची नवी लाइन आली होती, ती थोरलीला शिकवली होती, धाकटीला शिकवायची राहिली होती. असं कुठेही होतं. म्हणून तर दर वर्षी कडाक्याच्या थंडीआधी थोरलीची वायर मुद्दाम ओढून बघतात. त्या सकाळीसुद्धा मेल आला होता, धाकटी ठीक. हाकेला ओ देत होती ना ती. काम येतं का, हे कोणी विचारलं नव्हतं. तुझे बाबा खाली बसून त्या लाइनची सेटिंग आठवून आठवून धाकटीत हाताने टाइप करत होते आणि मी मागे उभा होतो. एकोणीस मिनिटं.

नंतर चौकशीत न लागलेल्या फोनची यादी आली. एकतीस फोन. त्यात एकच नंबर चौदा वेळा. शेवटचा फोन अकरा बावीसला. लाइन आली अकरा एकतीसला. मधल्या नऊ मिनिटांत तो नंबर पुन्हा आलाच नाही. कदाचित शेजाऱ्याने गाडी काढली असेल. कदाचित पेशंट उठून बसला असेल. मला तो नंबर पाठ आहे, तोगझान. मी तो कधीही लावलेला नाही. रस्त्यात कोणाचा फोन बराच वेळ वाजत राहिला की मी मोजायला लागतो.

दर शुक्रवारी तुझी आई शेलपेकच्या सात पोळ्या तळते, आगायच्या नावाने, आणि अजून डबा आमच्याकडे पाठवते. कॉरिडॉरभर तेलाचा वास सुटतो, सगळे एकेक तुकडा घेतात आणि त्यांच्यासाठी दुवा मागून हात चेहऱ्यावरून फिरवतात. मीही घेतो. गेल्या वेळी डबा परत द्यायला गेलो तर ती म्हणाली, आगाय घरी तुझंच कौतुक करायचे, पोराचा हात चांगला आहे म्हणायचे. मी जिन्यात बसून राहिलो. आणि त्यांच्या वर्षाच्या जेवणाला तू माझ्या शेजारी बसली होतीस, बेशबरमाकचं ताट मधे, आणि हळूच म्हणालीस, "सगळे म्हणतात बाबा कामाला चोख. आणि शेवटी एक वायर नाही ओढली रे त्यांनी." तेव्हा बोलायला हवं होतं. मी तुझ्या वाटीत सूप ओतलं.

वायर मी नाही ओढली. त्या ऑक्टोबरात आगाय वारलेल्या नातेवाइकाच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला बल्खाशला गेले होते. त्यांनी मला फोनवर सांगितलं, ॲम्ब्युलन्सवाल्यांना आधी कळव, मग थोरलीची वायर ओढ, साठ मोज, परत लाव. मी कळवलं. वायर हातात धरली. समोर हिरवा दिवा लुकलुकत होता आणि मला वाटलं, यातली प्रत्येक लुकलुक म्हणजे कोणीतरी फोन करतंय. मी घाबरलो. चोवीस वर्षांचा घोडा, आणि घाबरलो. फॉर्मवर टिक मारली, मनात म्हटलं आगाय आले की दोघं मिळून करू. ते आले, "ओढलीस ना?" विचारलं, मी ओढली म्हटलं, आणि त्यांनी न बघता सही केली. माझ्यावर विश्वास होता म्हणून. चौकशीत ते एवढंच म्हणाले, सही माझी आहे, म्हणजे चाचणी माझी. मी उठायला लागलो तर टेबलाखालून त्यांनी माझा गुडघा दाबून धरला. नंतर जिन्यात म्हणाले, "माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची, तुझी चाळीस. गप्प बस. आणि तोगझानला कळता कामा नये." मी शब्द दिला. त्या शब्दावर मी दोन वर्षं पगार घेतलाय.

आज तो मोडतोय. फॉर्ममधल्या रकान्यात त्यांचं नाव खोडून मी माझं लिहिलंय, घडलं तसं लिहिलंय, आणि खाली सही केलीये. दोन पेट्याच घ्या असंही लिहिलंय, कारण ते बरोबर आहे, मग मला ठेवोत नाहीतर काढोत. शुक्रवारी सगळ्यांना कळेल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माफ कर असं मी लिहिणार नाही, ते तुझ्या डोक्यावर ओझं होईल. आईला तू सांगायचं की मी, ते तू ठरव. फक्त एक गोष्ट मला एकट्याने ठरवता येत नाहीये. शरदात जुनी जोडी निघेल, थोरलीची वायर या वेळी मीच ओढणार, आणि आठ पाचचा मेल थांबेल. तो प्रोग्राम नव्या पेट्यांवर चढवणं माझं दहा मिनिटांचं काम आहे. तुला काय वाटतं, तुझ्या बाबांना रोज सकाळी अजून कामावर बोलवायचं, की आता त्यांना बसू द्यायचं?

तुझाच, आजपासून तुला जसा वाटेन तसा,
सान्झार