शेजारची खुर्ची

सोमवार, ता. ४

पोचलो एकदाचे. साडेपाचशे किलोमीटर, दोन दिवस, अकरा थांबे, दोन उलट्या आणि एक हरवलेला मोजा. फाटकात मेहुणा उभाच होता. म्हणाला, "दाजी, चालत आला असतात तर सकाळीच पोचला असतात." सासूबाईंनी भिंगरीला गाडीतून अलगद उचललं आणि ती चक्क रडली नाही. दीड वर्षापूर्वी गाडीच्या अपघातात तिची आई गेली तेव्हा ती दहा महिन्यांची होती. त्यानंतर आजीची ही पहिलीच भेट.

मला मिळालेली खोली स्वयंपाकघराला लागून आहे. एके काळी ही हिची, भिंगरीच्या आईची, अभ्यासाची खोली होती. टेबलाच्या कडेवर कर्कटकानं कोरलेल्या रेघा अजून आहेत. डॉक्टरांनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्यात. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, तारीख टाकून नोंद करायची सवय आहेच. आज बरं वाटलं, अशी नोंद.

मंगळवार, ता. ५

भिंगरीनं नवा खेळ काढला. जेवणाच्या चार खुर्च्या दोन-दोन मांडायच्या, की झाली गाडी. आजी पुढे डावीकडे, कमरेला टॉवेल बांधून. स्वतः मागे. चालकाच्या खुर्चीत मामा बसायला गेला तर त्याला ढकलून म्हणाली, बाबा. मामा म्हणाला, ड्रायव्हरशिवाय गाडी चाललीय, पेट्रोलचं तेवढं बघा. सगळे पोट धरून हसले. थोड्या वेळानं ती ठसक्यात म्हणाली, "सोड." आजीनं टॉवेल सोडला. खेळ संपला.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, आमची पोरगी पहिल्यापासून बेफिकीर, पट्टा लावायचा कंटाळा, तुम्ही तरी किती वेळा सांगणार. मी आणखी भात मागून घेतला.

बुधवार, ता. ६

आज "पट्टा सोड" असे दोन शब्द. मेहुण्याला कोण कौतुक. भाची वकील होणार म्हणतो.

सासूबाईंची मान सकाळपासून आखडली आहे. उशी बदलली म्हणून असेल, असं त्यांचं म्हणणं.

गुरुवार, ता. ७

"पट्टा सोड. वळून दे."

आवाज लहान मुलीचाच. पण त्यातली चिडचिड माझी आहे. सासूबाई वेदना गिळून वळल्या आणि त्यांनी तिला मागे चमचा दिला.

दुपारी त्यांच्या डाव्या भुवईवर काळानिळा डाग दिसला, अंगठ्याएवढा. कुठे आपटल्याचं त्यांना आठवत नाही. डॉक्टर येऊन गेले. काही सापडलं नाही.

तो डाग मी पाहिलेला आहे. हिची ओळख पटवायला मला शवागारात बोलावलं होतं, तेव्हा.

शुक्रवार, ता. ८

खरं ते लिहितो. सगळ्यांना मी सांगितलं की पट्टा तिनं आपणहून काढला, माझं लक्ष नव्हतं. तसं झालं नव्हतं. भिंगरी दुधासाठी रडत होती. बाटली मागे सीटखाली गेली होती. ही म्हणाली, दोन मिनिटं बाजूला घे. मला मध्ये न थांबता जायची घमेंड होती, लोकांना सांगायला बरं वाटायचं. मी म्हणालो, थांबणार नाही. पट्टा सोड, वळून दे. तिनं ऐकलं. पुढे वळणावर खडी पसरलेली होती.

गाडीत आम्ही तिघंच होतो. दहा महिन्यांच्या मुलीला यातलं काय कळणार?

अकराच्या सुमारास सांगायला गेलो. सासूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून पोर तरी वाचली.

मी हो म्हणालो.

शनिवार, ता. ९

पहाटेच खुर्च्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. भिंगरी श्वास कोंडेपर्यंत रडली. मेहुणा चिडला — लेकराच्या खेळाचा कसला राग धरता म्हणाला — आणि खाली घेऊन आला. सासूबाईंनाही खेळायचंच आहे. मानेला पट्टा लावून बसल्या. तेवढा वेळ लेक शेजारी असल्यासारखी वाटते, म्हणतात.

"पट्टा सोड. वळून दे." याच्या आधीचे दोन शब्द अजून आले नाहीत. ते आले की वाक्य पुरं होतं. त्या दिवशी त्या वाक्यानंतर शेजारच्या सीटवर काही उरलं नव्हतं —

सासूबाईंना डाव्या हातानं कप उचलवत नाही.

मी सांगितलं तर हे थांबेल. का ते माहीत नाही. पण थांबेल. संध्याकाळी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोनदा पाणी पिऊन परत —

रविवार, ता. १०. सकाळी ९.४०

खुर्च्या सरकवल्याचा आवाज. मेहुणा दुकानात गेलाय. घरात आम्ही तिघंच.

सासूबाई हाक मारताहेत. जावईबापू, या, तुमची खुर्ची रिकामी ठेवलीय हिनं.

दारातून दिसतंय, सासूबाईंनी टॉवेल बांधला.

काय बोलायचं ते ठरलंय. मी सोडायला सांगितलं. तिची चूक नव्हती. बस, एवढंच. चार पावलांवर आहेत —

"थांबणार नाही."

म्हणाली. आता म्हणाली —

उठतो. एवढी ओळ पुरी करतो आणि लगेच उठ