चौथी किल्ली निघत नाही

३ मार्च, रविवार. दुपारी दीड

आजचं प्रवचन माझ्यासाठीच होतं. पाळकसाहेब बोलताना सारखे माझ्याकडेच बघत होते. विषय: ख्रिस्ती माणसाने आपल्या मर्यादा कशा आखाव्यात. साहेब म्हणाले, प्रभूसुद्धा गर्दी सोडून एकटाच डोंगरावर प्रार्थनेला जायचा. म्हणजे प्रभूसुद्धा लोकांना 'आज जमणार नाही, उद्या या' असं सांगायचा. (हे दुसरं वाक्य बहुधा माझं आहे.) आपलं होय ते होय असावं आणि नाही ते नाही.

प्रवचनाचा दुसरा अर्धा भाग डोळे मिटून ऐकला. मनन. हिने दोनदा कोपराने ढोसलं. हिला मननातलं काही कळत नाही.

नंतर चहाच्या वेळी चर्चमधल्या ऑर्गनवाल्या बाई मुद्दाम जवळ येऊन म्हणाल्या, दुसरा भाग फारच महत्त्वाचा होता, नाही का? मी म्हटलं, डोळेच उघडले.

रोगाचं निदान झालं. मला नाही म्हणता येत नाही. तीस वर्षं कुलूप-किल्लीचं दुकान चालवतोय. चर्चच्या मंडळीतल्या कुणीही एक डुप्लिकेट करायला दिली की मी दोन करतो. एक त्यांना, एक माझ्या फळीवर. अडीअडचणीला. कुणी मागत नाही, तरी करतो. आज सत्तावीस घरांच्या किल्ल्या माझ्या दुकानात खिळ्यांवर टांगलेल्या आहेत. सत्तावीस घरांची काळजी एका माणसाच्या डोक्याला! ऑर्गनवाल्या बाई बाहेरगावी गेल्या तेव्हा मी जाऊन त्यांच्या नळाचा वॉशर बदलला. आभार राहिले बाजूला, आत कसे आलात म्हणून विचारलं.

आजपासून बंद. लोकांनी माझा फार फायदा घेतला.

४ मार्च, सोमवार. सकाळी ७

आरशासमोर 'नाही'चा सराव. वीस वेळा. आवाज भारदस्त येतोय. हिने बाथरूमबाहेरून विचारलं, कुणाशी भांडताय का? म्हटलं, नाही. एकवीस.

दुपारी १२

पहिलं यश! शेजारच्या दुकानातल्या शिंप्याने विचारलं, चहा मागवू का? म्हटलं, नाही. त्याला धक्काच बसला.

१२.२०

तो एकटाच प्यायला. बिस्किटांसकट.

दुपारी ४

चारच्या चहाला त्याने विचारलंच नाही. मर्यादेची ही बाजू साहेबांनी सांगायला हवी होती.

५ मार्च, मंगळवार. सकाळी ९

आजचं काम अवघड होतं. मुलगी दोन गल्ल्या सोडून राहते, नात तीन महिन्यांची आहे. मी दिवसातून फक्त दोनदा जातो, तेही लक्ष ठेवायला. आता बोलावल्याशिवाय येणार नाही असं तिला स्पष्ट सांगायचं ठरवलं. अशी गोष्ट फोनवर सांगणं बरं दिसत नाही, म्हणून साडेसहालाच गेलो. बेल वाजवली नाही. बेलने बाळ उठतं. माझ्या किल्लीने हळूच दार उघडलं.

मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारत होती. मला बघून किंचाळली. बाळ उठलं. जावईबापू तोंडात टूथब्रश आणि हातात छत्री घेऊन धावत आले. त्यांना चोर वाटला म्हणे. मी म्हटलं, बघा, तुमचं कुलूप किती कच्चं आहे.

बाळ शांत होईपर्यंत नुसतं काय बसायचं, म्हणून स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. खिडकीतलं एक वाळकं रोप टाकून दिलं. (वाळकं नव्हतं. त्याचा रंगच तसा असतो म्हणे.) मुलगी म्हणाली, बाबा, येण्याआधी फोन करत जा. मी म्हटलं, तेच सांगायला आलोय, आता मी येणारच नाही. ती लगेच म्हणाली, कधीपासून? पोरीच्या जिवाला लागलं.

एक सल इथेच लिहून ठेवतो, कारण घरात बोलता येत नाही. नातीला मी अजून एकदाही धड मांडीवर घेतलेलं नाही. मी गेलो की ती दचकून उठते, रडते, आणि तिला आत नेतात. ही जाते तेव्हा तासतासभर हिच्या मांडीवर खेळते. मूल रडकं आहे, दुसरं काय. ही बेल वाजवून जाते, तरी उठत नाही. हे कोडं मला सुटलेलं नाही.

६ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५

पाळकसाहेबांना भेटून चर्चमधल्या माझ्या सगळ्या जबाबदाऱ्या सोडत असल्याचं सांगितलं. यादीच नेली होती. दार उघडणं, माइक तपासणं, पंखे, गीतांचे नंबर फळ्यावर लावणं, प्रवचन लांबलं की मागून हात करणं, ऑर्गन मोठा झाला की पुढून हात करणं. एकूण चौदा. साहेब विनवण्या करतील म्हणून 'नाही' तयार ठेवलं होतं, ते वापरावंच लागलं नाही. साहेबांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. देव तुमचं भलं करो, एवढंच म्हणाले आणि चर्चच्या ऑफिसची किल्ली मागितली. मी लगेच दिली. (दुसरी फळीवर आहे. अडीअडचणीला.)

बाहेर ऑर्गनवाल्या बाई उभ्या होत्या. साहेबांनी त्यांना काहीतरी सांगितलं तर त्या म्हणाल्या, चला, सुंठीवाचून खोकला गेला. त्यांना बरेच दिवस खोकला होता. बरं झालं.

७ मार्च, गुरुवार. दुपारी १

ऑर्गनवाल्या बाई दुकानात. सगळ्यात भक्कम कुलूप दाखवा म्हणाल्या. नवीन आलेलं दाखवलं. याच्या किल्लीला दाते नसतात, बारीक खळगे असतात. माझं मशीन दाते कापतं, खळगे पाडत नाही. डब्यात मोजून तीन किल्ल्या येतात, चौथी निघत नाही. बाईंनी तिन्ही किल्ल्या माझ्यादेखत दोनदा मोजल्या आणि पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली. बसवून द्यायला येतो म्हटलं तर नको म्हणाल्या, सुतार बसवेल. मी आग्रह केला नाही. मर्यादा!

८ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७

मंडळीत जागृतीची लाट. आज त्याच कुलपाची अकरा गिऱ्हाइकं, सगळी आपल्याच चर्चची. सगळ्यांना सुतारच हवा. प्रवचनाने लोक इतके सावध होतील असं वाटलं नव्हतं. या गावात चोऱ्या होत नाहीत, तरी सावध असलेलं बरं. कंपनीला आणखी दोन खोकी पाठवायला सांगितली.

शिंपी मधूनमधून डोकावून हसत होता. चहाचं अजून विचारत नाही.

९ मार्च, शनिवार. सकाळी ११

मुलीकडे जाऊन चार दिवस झाले. (गुरुवारी खालून खिडकीकडे पाहिलं, ते जाणं धरत नाही. शुक्रवारी जिन्यापर्यंत, तेही नाही.)

आज जावईबापू स्वतः दुकानात आले! जरा अवघडलेले होते. म्हणाले, एका ओळखीच्यांसाठी कुलूप हवंय. त्यांच्याकडे एक नातेवाईक वेळीअवेळी न विचारता घरात शिरतो, वस्तू हलवतो, बायको रडकुंडीला आली आहे, पण माणूस मनाने वाईट नाही म्हणून बोलता येत नाही. मला त्या कुटुंबाची फार कणव आली. म्हटलं, असतात हो असे लोक. कातडी गेंड्याची. जावईबापूंनी मान खाली घातली. हळव्या मनाचे आहेत.

मी तेच कुलूप काढलं. त्यांनी विचारलं, किल्लीशिवाय कुणालाच उघडणार नाही ना? म्हटलं, कुणालाच नाही. तुम्हालासुद्धा? मी छातीठोकपणे सांगितलं, मलासुद्धा नाही! वर आतून लावायची साखळी फुकट दिली आणि डब्यावरचा माझ्या दुकानाचा स्टिकर कुलपाखालीच चिकटवा म्हणून बजावलं. जाहिरात होते. जाताना ते खाली वाकून माझ्या पाया पडले. कधी पडत नाहीत. कुलूप खरंच उत्तम आहे.

१० मार्च, रविवार. दुपारी १

शेवटच्या बाकावर बसलो. माझ्याशिवाय कसा बोजवारा उडतो ते शांतपणे पाहायचं ठरवलं होतं.

उपासना वेळेवर सुरू झाली. माइक नीट होता. गीतांचे नंबर बरोबर. ऑर्गन इतका छान वाजला की शेजारच्या आजोबांनी मला विचारलं, बाई नव्या आहेत का? दहा मिनिटं आधीच संपलं. मधल्या प्रार्थनेत तिसरा पंखा जरा कुरकुरत होता. मी सहन केलं. फार सहन केलं. मग हळूच स्टूल आणलं. प्रार्थना संपून सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा मी पंख्यापाशी होतो. साहेबांनी नुसतं बघितलं. मी स्टुलावरूनच सांगितलं, ही शेवटची वेळ.

घरी आल्यावर ही म्हणाली, लोकांना तुम्ही नको आहात असं नाही, तुम्ही आधी विचारायला हवे आहात. वाक्य नीट लागलं नाही.

१२ मार्च, मंगळवार. सकाळी साडेअकरा

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

हिने नातीसाठी लोकरीचं टोपडं विणलंय. ते पोचवायला कुणीतरी जायलाच हवं होतं. हे जाणं नव्हे, पोचवणं. दहाला मुलीच्या दाराशी पोचलो. किल्ली घातली. जाईना. वाटलं, झिजली. खिशात कानस असतेच. जिन्यात बसून घासली. जाईना. दुकानात गेलो, नवी कोरी किल्ली कापली, परत आलो. जाईना. शिंप्याने सोबत दिलेलं मशीनचं तेल भोकात सोडायला वाकलो, तेव्हा दिसलं.

भोक दात्यांच्या किल्लीचं नव्हतं. खळग्यांच्या किल्लीचं होतं. खाली माझाच स्टिकर, वाकडा चिकटवलेला: कुलूप उघडत नाही? लगेच फोन करा. पुढे माझाच नंबर.

तिथेच पायरीवर बसलो. ऑर्गनवाल्या बाई आठवल्या. अकरा गिऱ्हाइकं आठवली. गेंड्याची कातडी आठवली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, आणि वर साखळी फुकट.

हिला फोन लावला. म्हटलं, मुलीने मला घराबाहेर काढलं. ही म्हणाली, बेल आहे ना दाराला? वाजवा. म्हटलं, बाळ उठेल. ही म्हणाली, बाळ बेलने उठत नाही हो, आई किंचाळली की उठतं. मग म्हणाली, तुम्ही घोरत होतात तेव्हा पाळकसाहेब हेच सांगत होते. प्रभूकडे काय सगळ्या दारांच्या किल्ल्या नाहीत? तरी तो बाहेर उभा राहतो, ठोकतो, आणि उघडण्याची वाट बघतो. मी म्हटलं, मी घोरत नव्हतो. तिने फोन ठेवला.

बेल वाजवली. मुलीचं लग्न होऊन चार वर्षं झाली, तिच्या दाराची बेल मी पहिल्यांदा ऐकली. पाखराची किलबिल आहे. चांगली आहे.

आतून तिने विचारलं, कोण? मी म्हटलं, कुलूपवाला.

आत हसू फुटलेलं ऐकू आलं. साखळीच्या फटीतून एक डोळा दिसला. ती म्हणाली, बाबा, बाळाला पाजतेय, दहा मिनिटं थांबाल? ओठांवर 'नाही' आलं होतं. तेविसावं. गिळलं. पायरीवर बसून राहिलो. समोरच्या शेजाऱ्यांचं कुलूप ढिलं होतं, तिकडे पाठ केली. सतरा मिनिटं लागली.

मग साखळी निघाली आणि ती म्हणाली, या बाबा, आत या. ही पोर मला कधीच 'आत या' म्हणाली नव्हती. म्हणणार कधी, मी आधीच आत असायचो.

बाळ जागं होतं. दचकलं नाही. मुलीने ते माझ्या मांडीवर दिलं, आणि ते वीस मिनिटं माझ्या शर्टाचं बटण धरून बसलं. वजनाला भरलंय. डबे उंचीप्रमाणे नव्हते. मी हात लावला नाही. टोपडं मोठं होतं, तरी सगळ्यांनी बरोबर आहे म्हटलं.

१३ मार्च, बुधवार. दुपारी २

फळी रिकामी केली. सत्तावीस किल्ल्या. ज्याच्या त्याच्या घरी नेऊन द्यायच्या. कुणी घरी नसेल तर आत टेबलावर ठेवून येईन असं ठरवलं होतं. मग आठवलं.

शिंप्याने चहाचं विचारलं. त्याचं वाक्य संपायच्या आत होय म्हटलं.

चर्चच्या ऑफिसची जादा किल्ली साहेबांना द्यायला गेलो. दार वाजवून. साहेब म्हणाले, राहू द्या, आठवण म्हणून ठेवा, ती आता लागत नाही. मी विचारलं, कुलूप कुणाकडून घेतलं? माझ्याकडे तर आला नाहीत. साहेब संकोचून म्हणाले, बाजारातल्या त्या दुसऱ्या दुकानातून. तुमच्याच विरोधातलं कुलूप तुमच्याकडेच मागणं बरं दिसलं नसतं.

बाकी सगळं मी क्षमा केलं, पण याचं खरोखर वाईट वाटलं. त्या दुकानातला माल अगदी फालतू असतो. ते कुलूप वाकवलेल्या तारेने दोन मिनिटांत उघडतं.

दोन मिनिटं दहा सेकंद. साहेब जेवायला गेले तेव्हा पाहिलं. पण आत गेलो नाही. पुन्हा लावलं आणि आलो. प्रगती आहे.