टी-नॉर्बेर आणि खेचरांची टोपी

बायू कॅनार, लुइझियाना
शुक्रवार, टोप्यांच्या दिवसानंतरचा

ती. ऑक्टेव्ही वन्सं यांना,

तुमची भावजय अझेली हिचा नमस्कार. (उभ्यानंच. वाकण्याची जी काही शक्ती शिल्लक होती ती गेल्या महिन्यात दिवाणखान्यात खर्च झाली. ते पुढे येईलच.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? हॉयटरावांनी कानाचं यंत्र घेतलं, की तुमचं बोलणं ऐकू येत नाही हे सुख अजून सोडवत नाही? तिकडे अलाबामात थंडी पडली असेल. इथे बायूच्या संथ पाण्यावर अजून डास आहेत, म्हणजे सगळं क्षेमकुशल आहे.

तुमच्या भावाच्या, नॉर्बेरच्या, दफनापासून आपलं बोलणं नाही. का नाही, ते मी आज काढणार नाही. ज्या माणसानं जन्मभर आचाफलाया विद्यापीठाच्या मगरींसाठी, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघासाठी, हिरवी टोपी घालून घसा फोडला, त्याच्या शवपेटीवर सख्ख्या बहिणीनं टेन्सॉ विद्यापीठाच्या किरमिजी रंगातलं पुष्पचक्र पाठवावं, आणि त्यात मधोमध तुमच्या संघाच्या त्या खेचराचं तोंड असावं, याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. (कान पांढऱ्या कार्नेशनचे होते. अजून डोळ्यांपुढे येतात.) बाई लग्न झालं की सासरचं आडनाव घेते, सासरचा स्वयंपाक घेते, हे मला मान्य आहे. पण सासरचा फुटबॉल संघही घेऊन, साठ हजार माणसांत उभं राहून खेचरासारखं रेकावं, हे मात्र कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईला शोभत नाही. असो. म्हटलं ना, काढणार नाही.

पत्राच्या सुरुवातीला 'विनंती विशेष' लिहायचा रिवाज आहे. माझी विनंती काही नाही. विशेष मात्र आहे.

विशेष म्हणजे आपला टी-नॉर्बेर, माझा नातू, तुमच्या भावाचं नाव चालवणारा. 'टी' म्हणजे धाकला. पण हा धाकला आता साडेसहा फूट झालाय आणि माझ्या स्वयंपाकघरात तिरका होऊन शिरतो. त्याचे आईबाप अर्धा महिना आखातातल्या तेलविहिरीवर असतात, त्यामुळे तो वाढला माझ्याकडे, माझ्या भातावर. तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत तेव्हा तो आजोबांची शवपेटी उचलणाऱ्यांत होता, आणि बाकीचे पाच जण नुसते हात लावून चालले होते. शाळेच्या संघात त्याचं काम म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पोराच्या पुढे भिंतीसारखं उभं राहायचं आणि अंगावर येतील त्यांना अडवायचं. चेंडूला कधी हात लागत नाही, पेपरात फोटो येत नाही. फोटो येतो त्या फेकणाऱ्याचा, ज्याच्या कपड्यांवर चिखलाचा थेंब नसतो. का नसतो, हे कोणी विचारत नाही.

आणि अशा पोराला इंटरनेटवरच्या तज्ज्ञांनी तारे किती द्यावेत? तीन! पाचापैकी तीन! हे तज्ज्ञ कोण, तर तळघरात बसून शाळकरी पोरांच्या चित्रफिती पाहणारे, ज्यांना स्वतःच्या बुटाची नाडी बांधताना धाप लागते. पाच तारे कोणाला, तर आमच्या आचाफलायानं यंदा घेतलेल्या फेकणाऱ्या पोराला, ज्याचं वय अठरा आहे आणि ज्याच्या नावाचं अत्तर बाजारात आहे. मी दुकानात जाऊन हुंगलं. ओल्या कुत्र्याला व्हॅनिला फासल्यासारखं येतं. माझं भाकीत लिहून ठेवा: वर्ष संपायच्या आत हा दुसऱ्या कॉलेजात दिसेल. हल्ली तेच चाललंय. पूर्वी सासू बोलली की सून माहेरी जायची. आता कोचनं बाकावर बसवलं की पोरगं दुसऱ्या कॉलेजात.

व्यावसायिक खेळाडूंबद्दल तर मी बोलतच नाही. (बोलते.) त्यांचा एकच उपयोग आहे: रविवारी दुपारी सामना असला की फादर मेलान्सों प्रवचन अर्ध्यावर आणतात. बाकी काय राहिलंय? फेकणाऱ्याच्या अंगावर कोणी आलं की तो आपणहून जमिनीवर बसतो, आणि त्याला हात लावला तर शिट्टी वाजते. आमच्या काळी खाली बसायला दुसऱ्यानं मदत करावी लागायची. बास्केटबॉलवाले सगळे लांबूनच टाकतात, टोपलीजवळ जाणं त्यांना गरिबीचं वाटतं. बेसबॉलला त्यांनी घड्याळ लावलं, म्हणजे ज्या एका खेळात म्हाताऱ्या माणसाला मधे डुलकी काढता यायची तोही गेला. आमच्या सिस्टर पर्पेच्यू झग्याच्या आत रेडिओ लपवून लॅटिन शिकवायच्या. मगरींनी गुण मिळवला की क्रियापदं आपोआप भूतकाळात जायची. त्या आज असत्या तर त्यांनी या सगळ्या करोडपतींना कोपऱ्यात गुडघ्यांवर उभं केलं असतं.

तर मुद्दा. कॉलेजांना पोरगं हवं असलं की त्यांचे कोच घरी येऊन बसतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मुलगी बघायला यावं तसे, पोहेही आम्हीच करायचे आणि नखरेही त्यांचेच. पहिले आले आमचे. म्हणजे साक्षात आचाफलायाचे मुख्य कोच लँगली, आणि आले ते हेलिकॉप्टरनं. माझ्या मागच्या भातखाचरात उतरले. त्या दिवशी मी मोठं धुणं वाळत घातलं होतं. वन्सं, मी काय सांगू! चादरी बायूत गेल्या, कोंबड्या शेजारच्या परगण्यात गेल्या, आणि माझे आतले कपडे, जे चर्चला घालायचे म्हणून मी वेगळे काढून ठेवते ते, थेट फादर मेलान्सोंच्या गुलाबांवर. संध्याकाळी फादर ते घडी घालून, किराण्याच्या पिशवीत घालून घेऊन आले. जाताना आकाशाकडे पाहिलं.

मी जन्मभर वाहनपरवान्याच्या परीक्षा घेतल्या. माणूस गाडी कशी लावतो त्यावरून मी त्याचं कूळ सांगते. हा माणूस तर गाडी लावतच नव्हता. तरी मी मन मोठं केलं, कारण मगरी त्या मगरी. सकाळपासून गंबो, आपलं भातावरचं दाट कालवण, शिजत होतं. भेंडी, कोळंबी, सॉसेज, सगळं नॉर्बेरच्या आवडीचं. लँगलीसाहेब म्हणाले, "मी दुपारनंतर भात खात नाही," आणि त्यांनी पिशवीतून बाटली काढून काहीतरी राखाडी पिठूळ पाणी हलवून प्यायलं. माझ्या घरात! मग माझ्या नातवाला तीनदा 'नॉर्मन' म्हणाले. भिंतीवर चित्रं दाखवली. त्यात टी-नॉर्बेर आधीच व्यावसायिक झाला होता आणि त्याच्या मागे फटाके उडत होते. पहिल्या दिवसापासून खेळवीन, तीन वर्षांत करोडपती करीन. पोरगा मुकाट्यानं मान हलवत होता. त्याच्या वाडग्यातलं गंबो गार झालं, जे आजवर घडलेलं नाही.

पुढल्या आठवड्यात तुमच्या टेन्सॉचा माणूस यायचा होता. मुख्य कोचही नाही, नुसता अडवणाऱ्या पोरांना शिकवणारा, नाव स्ट्रिकलिन. मी ठरवलं, याला असं खाऊ घालायचं की राज्याची सीमा ओलांडेपर्यंत नळ सोडणार नाही. मी पुन्हा गंबो केलं आणि त्यात लाल मिरची ओंजळीनं घातली. आला तो एका जुन्या ट्रकमधून, मागे होडीचा गाडा जोडलेला, आणि माझ्या त्या अरुंद फाटकातून गाड्यासकट उलटा, एका दमात आत. वन्सं, इतक्या वर्षांत असं उलटं घेताना मी दोघांनाच पाहिलं, आणि त्यांतला एक तुमचा भाऊ.

बसला, पहिला घास घेतला, कपाळावरून धार लागली. म्हणाला, "बाई, बटाट्याचं सॅलड या वाडग्यातच घालून घेतलं तर चालेल ना?" ही आपल्या बायूवरची रीत, याला कुठून ठाऊक! तीन वाडगी खाल्ली. रडत रडत खाल्ली. मग टी-नॉर्बेरला म्हणाला, "पोरा, तुझे पाय आळशी आहेत. पहिलं वर्ष मी तुला खेळवणार नाही. तू उंच आहेस, म्हणून तुला वाटतं वाकायची गरज नाही. आजी, जरा मदत करता? मला ढकला."

मी म्हटलं, "मी? तुम्हाला? अहो, मी म्हातारी बाई."

"म्हणूनच. खाली वाका आणि खालून या."

सिस्टर पर्पेच्यू म्हणायच्या, जी आधी वाकते तिला कोणी पाडू शकत नाही. त्या नम्रतेबद्दल बोलत होत्या. मी एप्रन खोचला, एक हात जमिनीला टेकवला, त्या किरमिजी शर्टावरच्या खेचराच्या तोंडाकडे पाहिलं, पुष्पचक्र आठवलं, आणि गेले त्याच्या अंगावर. तो पाय ठेवायच्या स्टुलावरून उलटा होऊन नॉर्बेरच्या सोफ्यावर पडला आणि सोफ्याचा पाय मोडला. मग तो पडल्या पडल्याच म्हणाला, "पाहिलंस का रे? आता सांग, हिला किती तारे द्यायचे?" आणि टी-नॉर्बेर हसला. वन्सं, आजोबा गेल्यापासून तो असा हसला नव्हता; भिंतीवरची येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर वाकडी झाली. मग दोघांनी भांडी घासली आणि सोफ्याखाली विटा लावल्या. उभी हयात मी लोकांना खरं सांगून नापास केलं. खरं सांगणारा दुसरा माणूस भेटला की लगेच कळतो, त्याचा शर्ट कुठलाही असला तरी. हे मी त्या दिवशी कबूल केलं नाही, आजही फार मोठ्यानं करत नाही.

रात्री मी पोराला विचारलं, कुठे जायचंय? म्हणाला, "मगरींकडे, आजी. आणखी कुठे?" आणि त्यानं डावा कान ओढला. वेदीवरची वाइन कोणी प्यायली असं फादरनी विचारलं तेव्हाही खोटं बोलताना हाच कान. पण कान आपल्याला दिसलाच नाही असं मी ठरवलं. मगरींच्या मैदानात माझी आणि नॉर्बेरची खुर्ची शेजारी-शेजारी आहे. तिथे बसून खाली नातवाला पाहायचं, आणि रिकाम्या खुर्चीला सांगायचं, बघा हो, तुमचा नातू. यापलीकडे मी काही मागितलं नव्हतं.

परवा टोप्यांचा दिवस झाला, म्हणजे ज्या कॉलेजात जायचं त्याची टोपी पोरानं सगळ्यांदेखत डोक्यावर घालायची. शाळेच्या जिमखान्यात टेबल, मागे सारं गाव हिरव्या कपड्यांत, पुढे टीव्हीवाले. टेबलावर तीन टोप्या: आपली हिरवी, तुमची किरमिजी, आणि टेक्सासकडची एक, जी कोणालाच नको होती पण तिसरी लागते म्हणून ठेवलेली. टी-नॉर्बेरनं आईबापांचे आभार मानले, देवाचे मानले, माझ्या भाताचे मानले. मग माझ्याकडे बघत उजवा हात हिरव्या टोपीकडे नेला. आणि डावा हात गेला कानाला.

मी उभी राहिले. परवान्याच्या परीक्षेत पोरं लाल दिवा ओलांडायची तेव्हाचा आवाज अजून आहे माझ्यात. "नॉर्बेर! कान सोड!"

सगळा जिमखाना माझ्याकडे वळला. पोरगा लाल झाला. म्हणाला, "आजी, पण तिकडे मला बघायला येशील तू?" माइक चालू होता, त्यामुळे हे तीन परगण्यांनी ऐकलं.

मी म्हटलं, "डोळे काही इथे ठेवून येणार नाही. घाल ती टोपी, लोकांची जेवणं खोळंबलीत."

घातली त्यानं. खेचराची. एवढ्या डोक्यावर ती बाटलीच्या बुचासारखी दिसत होती. मी पुढे जाऊन सरळ केली. मागून खाटकाची बायको म्हणाली, "अझेलीचा नातू, आणि खेचरांत!" मी वळून म्हटलं, "तुला मी दोनदा नापास केलंय, निवृत्त झाले म्हणून तिसऱ्यांदा करणार नाही असं समजू नकोस." पण खरं सांगू? माझे पाय जमिनीवर नव्हते. बाहेर येऊन मी माझीच गाडी उलटी घेताना शाळेच्या झेंड्याच्या खांबावर आपटले. फादर मेलान्सोंनी पाहिलं. याही वेळी आकाशाकडे पाहिलं.

असं झालं सगळं. तुम्हाला कळावं एवढ्याचसाठी लिहिलं. माझं मत बदललेलं नाही: खेचर हा नापीक प्राणी आहे आणि किरमिजी रंग माणसाला आजारी दाखवतो. हॉयटरावांना नमस्कार, मोठ्यानं सांगा.

तुमची भावजय,
अझेली

ता. क. सोबत अंजिराच्या मुरंब्याची बरणी आहे. रिबीन हिरवी आहे, घरात दुसरी नव्हती.

ता. क. दुसरा. पुढल्या सप्टेंबरपासून टेन्सॉचे घरचे सामने शनिवारी असतील. तुमच्या मागच्या खोलीतून मैदान चालत जाण्यासारखं आहे, असं नॉर्बेर सांगायचा (तक्रारीच्या सुरात). उशी मी माझी आणीन. ही विनंती नव्हे, वेळापत्रक आहे.

ता. क. तिसरा. नोव्हेंबरात खेचरं आमच्याकडे खेळायला येतील. तेव्हा तुम्ही माझ्याकडे उतरा. नॉर्बेरच्या खुर्चीवर मी आजवर कोणाला बसू दिलेलं नाही, तुम्ही बसा. तुमच्या रंगातच या. तो चिडला असता, पण शेंगदाणे तुमच्यापुढेच केले असते.

ता. क. चौथा. किरमिजी स्वेटर तिकडे चांगला मिळत असेल तर एक घेऊन ठेवा, बाह्या लांब. आत मी हिरवं घालणार, ते देवाला आणि मलाच माहीत.

ता. क. शेवटचा. ते रेकणं. न्हाणीघराचं दार लावून मी करून पाहिलं. पहिल्या सुराला श्वास आत घ्यायचा आणि दुसऱ्याला सोडायचा, की उलट? लवकर कळवा. उलट केलं की मला ठसका लागतो, आणि कालपासून फादर मेलान्सों दोनदा येऊन माझ्या तब्येतीची चौकशी करून गेले आहेत.